‘बाबा नगरला होते’: परदेशी लढलेल्या ब्रिटिश पायदळ सैनिकाच्या घरगुती आठवणी कशा गोळा कराव्यात आणि कशा पडताळाव्यात

माझं माहेर नगरचं, भिंगार छावणीच्या अलीकडचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण घरात आम्ही नगरच म्हणतो. लग्नानंतर मी इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात आले. शेजारच्या घरात पंच्याऐंशीच्या एक आजी एकट्या राहतात. पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा त्यांनी गाव विचारलं. मी अहमदनगर म्हटलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "माझे बाबा नगरला होते," त्या म्हणाल्या. उच्चार ‘नग्गर’कडे झुकणारा, पण ओळखू येण्याजोगा.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल नॉरफोक रेजिमेंटमध्ये साधे शिपाई होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये परतले तेव्हा आजी पाच वर्षांच्या. वडिलांच्या युद्धाबद्दल घरात चारच गोष्टी उरल्या होत्या. ते नगरला कडुनिंबाच्या सावलीत राहिले आणि एक मुलगा रोज संत्री विकायला यायचा. ते अमेरिकन जहाजातून गेले आणि जहाजावर आइस्क्रीम मिळायचं. ते कोहिमाला लढले. आणि रात्री ते किंचाळून उठले की आई म्हणायची, "पुन्हा डूलालीला गेले."

या चार गोष्टींचा माग काढायला आम्हां दोघींना जवळजवळ पावणेदोन वर्षं लागली. वाटेत मी पुष्कळ चुकले. त्या चुका टाळून हे काम कसं करता येईल ते इथे सविस्तर लिहिते आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या सासरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी अशी घरं आहेत. आणि पुणे, नगर, देवळालीत राहणाऱ्यांनाही कधीतरी एखादा जुना फोटो येतो आणि विचारणा होते, ‘ही जागा ओळखता का?’

आधी ऐका

अभिलेखागार, संकेतस्थळं, अर्ज हे सगळं थांबू शकतं. सांगणारं माणूस थांबत नाही. म्हणून पहिलं काम आवाज ध्वनिमुद्रित करण्याचं. साधा फोन पुरतो, पण दोन फोन ठेवा. एक बंद पडला तरी बोलणं जात नाही. खिडकी लावून घ्या, घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते मोठ्याने सांगा. पाऊण तासापेक्षा जास्त एका वेळी नको. ध्वनिमुद्रण कोणाकोणाला ऐकवायचं, हे त्याच दिवशी विचारून घ्या.

‘युद्धाबद्दल सांगा’ असं म्हटलं की लोक शाळेतल्या पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागतात. बारीक प्रश्न विचारा. घरी आल्यावर ते काय खायचे नाहीत? भात चालायचा का? अंघोळ गरम पाण्याने की गार? कोणतं गाणं लागलं की उठून जायचे? वर्षातून एकदा कोणाचं पत्र यायचं? बूट कसे ठेवायचे? जहाज कुठे कुठे थांबलं होतं? या प्रश्नांना मुलांकडे हमखास उत्तरं असतात, कारण मुलं हेच पाहत असतात.

आणि चूक दुरुस्त करू नका. मी पहिल्याच दिवशी ते केलं. आजी अमेरिकन जहाज म्हणाल्या आणि मी म्हटलं, "पण तेव्हा अमेरिका युद्धात कुठे होती?" आजी गप्प झाल्या. त्यांचा भाऊही आयुष्यभर माझ्यासारखंच म्हणत आला होता. पुढे कळलं की बरोबर आजी होत्या. मी आणि तो भाऊ चुकीचे होतो. त्याबद्दल पुढे येईलच. ऐकताना फक्त लिहायचं, त्यांच्याच शब्दांत, ‘नग्गर’ म्हणाल्या तर ‘नग्गर’च.

पेटी उघडण्याआधी

जवळजवळ प्रत्येक घरात एक बिस्किटाचा डबा किंवा चपलांचं खोकं असतं. ते टेबलावर पालथं करू नका. झाकण काढलं की वरून एक फोटो घ्या, मग एकेक थर उचलत फोटो घेत जा. कोणत्या पत्राला कोणता फोटो चिकटून होता, हाही पुरावा असतो. नंतर गंजलेल्या टाचण्या काढा. मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात क्रमांक घाला. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको, त्याने कागद कायमचा खराब होतो.

आत काय सापडू शकतं? सर्वांत मोलाचं म्हणजे सैनिकाचं पेबुक, खिशात मावणारी तपकिरी वही. त्यात क्रमांक, जन्मतारीख, टोचून घेतलेल्या लशी, प्रशिक्षण, जवळचे नातेवाईक आणि कधी कधी शेवटच्या पानांवर मृत्युपत्रसुद्धा असतं. दुसरं म्हणजे सुटकेच्या वेळी मिळालेली पुस्तिका. त्यात अधिकाऱ्याने लिहिलेला वर्तणुकीचा दाखला असतो. तळहाताएवढं, फोटोच्या कागदावर छापलेलं पत्र दिसलं तर ते एअरग्राफ. १९४१ पासून सैनिकांची पत्रं फिल्मवर उतरवून विमानाने नेत आणि पोचल्यावर कागदावर छापत. पत्रात गावाचं नाव शोधू नका, सेन्सॉर ते ठेवत नसे. तारीख आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला पलटणीचा उल्लेख शोधा.

पदकांबाबत एक गोष्ट माहीत असली की पुष्कळ वेळ वाचतो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव, क्रमांक आणि रेजिमेंट कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातली मोहीमपदकं ब्रिटनने कोरी दिली. नाव नाही म्हणून ती खोटी ठरत नाहीत. पण त्यांच्या फिती बोलतात. गडद निळ्या फितीत रुंद लाल पट्टा आणि निळ्यात दोन्हीकडे नारिंगी रेघ असेल तर तो बर्मा स्टार. लाल, पांढरा, हिरवा असे पट्टे असतील तर इटली स्टार. वाळूच्या रंगावर लाल पट्टा आणि निळ्या रेघा असतील तर आफ्रिका स्टार. पदकं मागितल्यावर पोस्टाने यायची, कित्येकांनी ती कधी मागवलीच नाहीत. त्यामुळे पदक घरात नाही यावरून काही सिद्ध होत नाही.

आजींच्या डब्यात एक तारा होता, हिरव्या फितीवर मधोमध पिवळा पट्टा आणि कडेला लाल. तो पॅसिफिक स्टार, सिंगापूर-मलायाच्या बाजूला लढलेल्यांचा. कोहिमाला लढलेल्या माणसाला बर्मा स्टार मिळायला हवा होता. एकाच माणसाला हे दोन्ही तारे देत नसत. दुसऱ्याचा हक्क असेल तर पहिल्याच्या फितीवर धातूची छोटी पट्टी मिळायची. या फितीवर तशी पट्टी नव्हती. मी आजींना तेव्हा काहीच बोलले नाही, फक्त वहीत लिहून ठेवलं.

रेजिमेंट नव्हे, पलटण शोधा

सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात. म्हणून इथे जरा थांबते.

ब्रिटिश पायदळात रेजिमेंट हे घराणं असतं, पण लढायला जाते ती बटालियन, आपल्या भाषेत पलटण. एका रेजिमेंटच्या पलटणी एकाच वेळी जगाच्या वेगवेगळ्या टोकांना असत. ‘आजोबा नॉरफोकमध्ये होते’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. रॉयल नॉरफोकचंच बघा. १ली पलटण ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. २री पलटण मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये होती. २७ मे रोजी ल पारादी गावात तिच्या ९७ शरण आलेल्या जवानांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. हीच पलटण पुन्हा उभी राहिली, २ऱ्या डिव्हिजनबरोबर (डिव्हिजन म्हणजे अनेक पलटणींचं मोठं दल) हिंदुस्थानात आली आणि १९४४ मध्ये कोहिमाला जपान्यांशी लढली. तिथेच कॅप्टन जॉन रँडल यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ४थी, ५वी आणि ६वी पलटण १८व्या डिव्हिजनमध्ये होत्या. त्या तिन्ही १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेल्या आणि त्यातल्या कित्येकांनी सयाम–बर्मा रेल्वेवर राबून जीव गमावला. ७वी पलटण त्याआधीच, जून १९४० मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावर बहुतांशी पकडली गेली होती.

एकच बिल्ला, एकच परगणा, कधी कधी एकाच गल्लीतली मुलं, आणि नशिबं इतकी वेगळी.

आता नगर. माझ्या माहेरचं गाव यातल्या दोन नशिबांच्या वाटेवर आहे. २री डिव्हिजन १९४२ च्या मध्यापासून नगरला तळ देऊन होती आणि तिथून पुढे कोहिमाला गेली. (त्याच काळात, ऑगस्ट १९४२ पासून, भुईकोट किल्ल्यात नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य स्थानबद्ध होते. एकाच गावात हे दोन्ही चाललं होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.) पण त्याच्याही आधी, डिसेंबर १९४१ च्या अखेरीस, १८व्या डिव्हिजनचा मोठा भाग मुंबईला उतरून आगगाडीने नगरला आला, सुमारे तीन आठवडे राहिला आणि जानेवारीत सिंगापूरला रवाना झाला. नॉरफोकची ४थी पलटण त्यात होती. ५वी आणि ६वी मात्र मुंबईला न येता थेट सिंगापूरला गेल्या होत्या.

म्हणजे ‘बाबा नगरला होते’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. नगरनंतर कोहिमा, किंवा नगरनंतर कैद. कोणता, ते तारखेवरून ठरतं.

पलटण शोधायला फोटोतला खांदा बघा. टोपीचा बिल्ला फक्त रेजिमेंट सांगतो, दंडावरचं कापडी चिन्ह डिव्हिजन सांगतं. २ऱ्या डिव्हिजनचं चिन्ह एकमेकींवर आडव्या दोन किल्ल्या. १८व्याचं पवनचक्की. ७व्या आर्मर्ड डिव्हिजनचा लाल उंदीर, ७८व्याची पिवळी कुऱ्हाड, ५व्या भारतीय डिव्हिजनचा काळ्यावरचा लाल गोळा. फोटो मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन करा, मगच दंड दिसतो.

क्रमांक काय सांगतो

१९२० नंतर प्रत्येक रेजिमेंटला सैनिक क्रमांकांचा एक ठरावीक पट्टा दिलेला होता. क्रमांकावरून माणूस पहिल्यांदा कोणत्या रेजिमेंटमध्ये भरती झाला ते कळतं, आणि बदली झाली तरी क्रमांक तोच राहायचा. म्हणून क्रमांक एका रेजिमेंटचा आणि बिल्ला दुसरीचा असं दिसलं तर गोंधळू नका, बदली झालेली असते. आठ अंकी आणि १४ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर माणूस साधारणपणे जुलै १९४२ नंतर भरती झालेला. तेव्हापासून नव्या मुलांना आधी सामान्य सेवा दलात घेऊन सहा आठवडे शिकवत आणि मग रेजिमेंटला वाटून देत.

सेवानोंद मागवणं

‘त्यांचे कागद बॉम्बहल्ल्यात जळाले’ हे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळेल. ते अर्धं खरं आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या गोदामावर बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या निम्म्याहून अधिक नोंदी गेल्या. वाचलेल्या ‘जळक्या कागदांच्या’ प्रती लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३६३ या मालिकेत आहेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं), निवृत्तिवेतनाचे कागद डब्ल्यूओ ३६४ मध्ये. तिथे काही मिळालं नाही तर डब्ल्यूओ ३७२ मधली पदकांची कार्डं बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींचा या आगीशी काही संबंध नाही, त्या शाबूत आहेत.

या नंतरच्या नोंदी वर्षानुवर्षं संरक्षण मंत्रालयाकडे होत्या. २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्याने क्यूला हलवल्या जात आहेत. म्हणून आधी अभिलेखागाराच्या सूचीत नाव आणि जन्मतारीख घालून शोधा. जन्माला ११५ वर्षं झालेल्यांच्या नोंदी सहसा खुल्या असतात. इतरांसाठी अर्ज करावा लागतो आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. सूचीत नाव नसेल तर मंत्रालयाकडे अर्ज. दोन्हीकडे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि क्रमांक मागतात. क्रमांक नसला तरी अर्ज करा. मृत्यू अलीकडचा असेल तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, तेव्हा अर्ज मुलगा-मुलगी हयात असताना त्यांच्याच नावाने केलेला बरा. शुल्क आणि नियम बदलत असतात, अर्जाच्या दिवशी सरकारी पानावर वाचून घ्या. आणि धीर धरा, काही महिने जातात.

काय येतं? शौर्यकथा येत नाहीत. संक्षेपांनी भरलेले तक्ते येतात. ‘टी.ओ.एस.’ म्हणजे पलटणीच्या पटावर घेतला, ‘एस.ओ.एस.’ म्हणजे पटावरून काढला. ‘एम्बार्क्ड’ आणि ‘डिसेम्बार्क्ड’ या तारखा जहाजात चढण्या-उतरण्याच्या. बी १०३ हा तक्ता सर्वांत आधी वाचा, परदेशातल्या हालचाली, आजार, जखमा, बढती-कपात त्यात असते. मी एक कोरा कागद घेऊन डावीकडे तारखा एकाखाली एक मांडल्या आणि समोर घडलेली गोष्ट. एका संध्याकाळी अख्खं युद्ध एका पानावर आलं.

आजींच्या वडिलांच्या पानावर ४थी पलटण होती. ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस जहाजात चढले. डिसेंबरात हिंदुस्थान. जानेवारी १९४२ च्या शेवटी सिंगापूर. मग ‘बेपत्ता’. मग बऱ्याच काळाने ‘युद्धकैदी’. मग थेट १९४५.

कैदेत गेलेल्यांसाठी आणखी दोन जागा आहेत. डब्ल्यूओ ३४५ मध्ये जपान्यांनी ठेवलेली कैद्यांची कार्डं आहेत, बरीचशी जपानी लिपीत. डब्ल्यूओ ३४४ मध्ये सुटकेनंतर कैद्यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या प्रश्नावल्या आहेत, सगळ्यांच्या नाहीत. आजींच्या वडिलांची होती. त्यांचं अक्षर आजींनी वाढदिवसाच्या कार्डांवर पाहिलं होतं, तेच. ती प्रत त्यांच्या हातात दिली त्या दिवशी आम्ही दुसरं काही काम केलं नाही.

युद्धदैनंदिनी वाचताना

सेवानोंद सांगते माणूस कुठे होता. तिथे काय घडलं ते पलटणीच्या युद्धदैनंदिनीत असतं. प्रत्येक पलटणीचा एक अधिकारी ती रोज लिहायचा. पहिल्या महायुद्धाच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ मध्ये. दुसऱ्याच्या आघाडीनुसार: १९३९–४० चा फ्रान्स डब्ल्यूओ १६७, मध्यपूर्व १६९, इटली १७०, १९४४–४५ चा वायव्य युरोप १७१, बर्मा आणि आग्नेय आशिया १७२. क्यूला वाचकपत्र मोफत मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. लांब राहत असाल तर प्रती मागवता येतात.

साध्या सैनिकाचं नाव त्यात जवळजवळ कधीच येत नाही, या अपेक्षेनेच वाचा. पाऊस, रेशन, मैलांचे आकडे, ‘गस्त परत आली, दोन बेपत्ता’ अशा ओळी असतात. महिन्याची फाइल पूर्ण वाचा, नुसता लढाईचा दिवस नको. सिंगापूरला अडकलेल्या कित्येक पलटणींचे कागद शरणागतीच्या वेळी नष्ट झाले आणि अधिकाऱ्यांनी पुढे आठवणीतून हकिकती लिहिल्या. तिथे तारखांत एखाददुसऱ्या दिवसाचा फरक दिसला तर नवल वाटू देऊ नका.

आपल्या कानांचा आणि डोळ्यांचा उपयोग

हा भाग मराठी माणसालाच जमेल.

इंग्रज घरांतल्या आठवणींमध्ये आपली गावं विचित्र रूपात असतात. ‘कर्की’ म्हणजे खडकी. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली. १८६१ पासून देवळालीला सैन्याची संक्रमण छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने तिथे पडून राहायचे. उकाडा, ताप, रिकामे हात. त्यातून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ आलं, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप, आणि पुढे ‘डूलाली’ म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला. आजींची आई तो शब्द वापरायची, म्हणून घरात समज झाला होता की वडील देवळालीला दवाखान्यात होते. सेवानोंदीत देवळाली कुठेच नाही. शब्द सैन्यातून सगळ्या इंग्लंडभर पसरलेला होता, आईने तो गल्लीत ऐकलेला असणार.

हाच नियम इतर शब्दांना. घरातले आजोबा ‘चिट’, ‘देको’, ‘धोबी’, ‘पक्का’, ‘जिल्दी’ म्हणायचे, म्हणून ते हिंदुस्थानात होते असं ठरत नाही. ब्रिटनचं नाव म्हणून सैनिक जो ‘ब्लायटी’ शब्द वापरत तो ‘विलायती’वरून आलेला, आणि तो फ्रान्सच्या खंदकातला शिपाईही म्हणायचा. पण एखादा शब्द फारच स्थानिक असेल, एखादं पेठेचं, ओढ्याचं, देवळाचं नाव असेल, तर कान टवकारा.

डब्यात एक फोटो होता. तीन सैनिक एका दुकानासमोर, मागे पाटीचा तुकडा. पंच्याहत्तर वर्षं त्या घरात कोणाला ती नक्षी वाटत होती. मी भिंगाने बघितलं. पहिलं अक्षर एका सैनिकाच्या टोपीआड गेलेलं, पुढे ‘ापड दुकान’. कापड दुकान. मागे पेन्सिलीने ‘जाने. ४२’. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण एवढ्यावर मी नगर म्हणू शकत नव्हते, कापडाची दुकानं पुण्याला होती, नाशिकला होती. तारीख, पाटीची लिपी, हिरवी फीत आणि सेवानोंद ही चार एका रेषेत आली तेव्हाच म्हटलं. भारतातल्या वाचकांना विनंती आहे: असा फोटो आला तर काय दिसतं आणि काय वाटतं, हे दोन वेगवेगळ्या ओळींत लिहून पाठवा. उत्साहात ‘हो, हा आमचाच चौक’ असं लिहिलं की एका कुटुंबाची वाट कायमची चुकते.

आणखी एक खरा धागा. भारतीय सैन्याच्या ब्रिगेडमध्ये बहुधा तीन पलटणी असत, त्यातली एक ब्रिटिश. इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये रॉयल वेस्ट केंटची ५वी पलटण आणि मराठ्यांची १ली पलटण शेजारी होत्या. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच मराठा पलटणीतून. केंटमधल्या एखाद्या घरात ‘महरट्टा’ हा शब्द ऐकला तर आश्चर्य वाटू देऊ नका, सविस्तर विचारा.

कबर शोधायची असेल तर

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि कबरीचा विभाग-रांग-क्रमांक मिळतो. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं स्मारकांवर आहेत, सिंगापूरला क्रांजी आणि म्यानमारमध्ये तौक्यान इथे. कोहिमाच्या स्मशानभूमीत १,४२० कबरी आहेत, आणि दाह झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचं वेगळं स्मारक.

महाराष्ट्रात बघायची जागा खडकी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या जागांवरून आणलेल्या. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक नावांचं स्मारकही तिथेच. जुन्या पत्रात ‘शिवडीला पुरलं’ असं असेल तर शिवडीत भटकत बसू नका, तिथले सैनिकांचे अवशेष १९६२ मध्ये खडकीला आणले गेले. कोणासाठी फोटो काढायला जाणार असाल तर सूचीतला क्रमांक लिहून न्या, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं चांगली उठतात, आणि शिळेच्या तळाशी असलेली घरच्यांनी दिलेली ओळ आवर्जून टिपा. ती ओळ कित्येकदा नातवंडांनी कधी वाचलेली नसते.

न जुळणाऱ्या गोष्टी

शेवटी तीन रकाने आखा: घरात काय सांगतात, कागदात काय आहे, काय सुटलं नाही. काही समज वारंवार भेटतील. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ८व्या आर्मीतला प्रत्येक जण घरात ‘वाळवंटातला उंदीर’ असतो, पण ते नाव मुळात ७व्या आर्मर्ड डिव्हिजनचं. बर्माला गेलेला प्रत्येक जण चिंडिट, म्हणजे जपानी फळीमागे घुसून लढणाऱ्या खास दलातला, असतो, पण १९४३ च्या पहिल्या मोहिमेत सुमारे तीन हजारच माणसं होती. ही खोटी बोलणी नव्हेत. शेजाऱ्यांना समजेल असा शब्द घरच्यांनी उचललेला असतो.

उलटही होतं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून गेलेल्या सैनिकांच्या घरी कधी ऐकायला मिळतं की धक्क्यावर पांढऱ्या कपड्यातली एक बाई कर्णा घेऊन गात होती. ऐकायला कल्पित वाटतं, पण डर्बनला पर्ला सीडल गिब्सन खरोखर येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकी जहाजांसाठी गायच्या. ती आठवण निघाली की जहाज डर्बनला थांबलं होतं हे समजा.

आणि अमेरिकन जहाज. १८वी डिव्हिजन ब्रिटिश जहाजांतून कॅनडात हॅलिफॅक्सला गेली आणि तिथे अमेरिकन नौदलाच्या जहाजांवर चढली. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती. ताफा केपटाउनच्या जवळ असताना ७ डिसेंबरचा पर्ल हार्बरचा हल्ला झाला. आइस्क्रीमवाली गोष्ट खरी असायला आता काहीच अडचण नव्हती. मी आजींची माफी मागितली. त्यांनी भावाला फोन लावला.

कोहिमा मात्र वडिलांचं नव्हतं. त्यांचा चुलतभाऊ २ऱ्या पलटणीत होता, तो तिथे लढला. दोघांच्या गोष्टी घरात एक झाल्या. मला हे सांगायची भीती वाटत होती. आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे साडेतीन वर्षांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत आणि तीन आठवड्यांबद्दल आयुष्यभर बोलले." सुटलेल्या कैद्यांना १९४५ मध्ये एक पत्रक दिलं होतं: जपून बोला, मेलेल्यांच्या घरच्यांना यातना होतील असं काही जाहीर सांगू नका, असा त्याचा आशय. ते मी त्यांना दाखवलं. घरात अशी बातमी द्यायची वेळ आली तर फोनवर देऊ नका. समोर बसून द्या, कागद हातात असू द्या, आणि जायची घाई ठेवू नका.

लिहून काढणं

फार मोठं पुस्तक नको. वीस-पंचवीस पानं, मोठ्या अक्षरात, म्हातारी माणसं वाचणार आहेत. प्रत्येक वाक्याच्या मागे ते कोणी सांगितलं किंवा कोणत्या कागदातून आलं ते समासात लिहा. चुकीची ठरलेली आठवणही ठेवा, ‘घरात असं सांगत’ म्हणून. जिवंत माणसांची नावं विचारून घाला. फाइलींची नावं तारखेने सुरू करा. एक प्रत मुलांकडे, एक दुसऱ्या शहरात आणि एक रेजिमेंटच्या संग्रहालयात. नॉरफोकचं नॉरिचच्या किल्ल्यात आहे. मूळ कागद देण्याची घाई करू नका, प्रत आधी द्या.

आमची पुस्तिका गेल्या हिवाळ्यात पूर्ण झाली. माझ्या भावाने भिंगारच्या रस्त्यावरच्या जुन्या कडुनिंबांचे फोटो पाठवले, ते शेवटच्या पानांवर आहेत. संत्री विकणाऱ्या मुलाचा कुठेच पुरावा नाही, तो तिसऱ्या रकान्यात राहिला. आजींनी त्याला पहिल्या पानावर घेतलं.